लाइट गेली की रास्पबेरी पायचं कार्ड जातं: बिघाड ओळखा, डेटा काढा, आणि पुन्हा तसं होऊ देऊ नका

रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') हा तळहाताएवढा संगणक, आणि त्याची सगळी सिस्टिम बहुधा एका छोट्या एसडी कार्डावर असते. लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लाइट जाते, येते, आणि पाय सुरूच होत नाही. नवीन कार्ड आणून सगळं पुन्हा बसवलं तर काही आठवडे बरे जातात आणि मग परत तेच. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा पाय असो, हवामानाच्या नोंदी घेणारा असो की घरात होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवणारा, तक्रार एकच असते. आणि सल्लाही ठरलेला: "चांगल्या कंपनीचं कार्ड घ्या."

हा सल्ला खोटा नाही, पण तो शेवटचा उपाय आहे. कार्ड बहुतेक वेळा बिघडतं ते त्यावर काही लिहिलं जात असताना वीज तुटल्यामुळे. त्यामुळे आधी लिहिणं थांबवायचं, मग पुरवठा नीट करायचा, मग लाइट गेल्याचं पायला कळवायची सोय करायची आणि सगळ्यात शेवटी कार्डाचा ब्रँड बघायचा. पैसे मात्र लोक नेमके उलट्या क्रमाने घालतात.

एक सूचना: खालच्या आज्ञा आणि सेटिंग देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

सगळ्याच बिघाडांना "कार्ड करप्ट झालं" म्हणतात, पण त्यात चार-पाच वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर तो मोजा. ४ वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडत नाहीये, ७ वेळा म्हणजे कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) फाइल सापडत नाहीये. दोन्हींत बूट विभाजन (पार्टिशन, म्हणजे कार्डाचा तो भाग जिथून पाय सुरू होतो) बिघडलेलं असतं, तुमचा डेटा सहसा शाबूत असतो. हे विभाजन फॅट प्रकारचं असल्यामुळे विंडोजवरही उघडतं. तिथे चेकडिस्क चालवा. तरी फायली नसतील तर सिस्टिमच्या त्याच आवृत्तीच्या ताज्या इमेजमधून (कार्डावर लिहायच्या तयार फाइलमधून) त्या आणा. फक्त 'सीएमडीलाइन' ही फाइल आंधळेपणाने बदलू नका. त्यात तुमच्या कार्डाच्या विभाजनाचा ओळख क्रमांक असतो आणि तो चुकला की पाय पुढे सरकतच नाही.

स्क्रीनवर 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट येऊन थांबलं किंवा कर्नल पॅनिक आलं, तर मुख्य विभाजनाची फाइल सिस्टिम बिघडली आहे. ती बऱ्याचदा दुरुस्त होते.

'इमर्जन्सी मोड' आणि त्याच्यासोबत 'रूट खातं बंद आहे' असा संदेश येत असेल तर कार्ड बिघडलं असेलच असं नाही. 'एफएसटॅब' फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) दिलेला एखादा पेन ड्राइव्ह किंवा जादा विभाजन सापडलं नाही, की पूर्ण बूट तिथेच अडतं. त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' घाला. एवढ्याशा शब्दासाठी लोक कार्डं फेकतात.

पाय सुरू होतो, पण एखादी सेटिंगची फाइल शून्य बाइटची झालेली असते, किंवा डेटाबेस 'मालफॉर्म्ड' म्हणून ओरडतो. इथे फाइल सिस्टिम ठीक असते, प्रोग्रॅमने फाइल नीट लिहिलेली नसते. हा दोष तुमच्या कोडचा, त्याबद्दल पुढे.

शेवटचा प्रकार फसवा आहे. फाइल बदलली, सेव्ह झाली, आणि रीस्टार्टनंतर जुनीच परत आली. फॉरमॅट केलं तरी सगळं जसंच्या तसं. (आधी ओव्हरले, म्हणजे सगळे बदल रॅममध्येच ठेवणारी सोय, चालू नाही ना ते बघा, त्याचं लक्षणही हेच.) ओव्हरले नसेल तर कार्डाच्या कंट्रोलरने (आतल्या नियंत्रक चिपने) लिहिणं कायमचं बंद केलं आहे. त्यातून डेटा काढून घ्या आणि कार्ड टाकून द्या. आकार अचानक काही एमबी किंवा शून्य दिसत असेल तरी कार्ड गेलंच, आणि त्यातून बहुधा डेटाही निघत नाही.

डेटा काढताना

कार्ड विंडोजच्या संगणकात घातलं की "हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावं लागेल" अशी खिडकी येते. तिला कधीच होकार देऊ नका. लिनक्सचं विभाजन विंडोजला वाचता येत नाही म्हणून ती खिडकी येते, कार्ड बिघडलं म्हणून नव्हे. चांगल्या कार्डावरही ती येते.

दुरुस्तीच्या आधी संपूर्ण कार्डाची प्रत घ्या. लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' वापरा आणि त्याला मॅप फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबलं तर पुढून सुरू करता येतं. विंडोजवर 'विन३२ डिस्क इमेजर'चं 'रीड' बटण चालेल, पण वाचता न येणारे भाग आले की ते अडून बसतं. ३२ जीबीच्या कार्डाला तितकीच रिकामी जागा लागते, आत डेटा ३ जीबी असला तरी.

मग दुसऱ्या लिनक्स संगणकावर, विभाजन माउंट न करता (म्हणजे वापरासाठी न जोडता), 'एफएससीके.ईएक्सटी४' ही आज्ञा 'एफ' आणि 'वाय' पर्यायांसह चालवा. सुपरब्लॉकच (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नसेल तर पर्यायी सुपरब्लॉक द्यावा लागतो. ४ केबीचे ब्लॉक असतील (पायच्या कार्डावर बहुधा तेच असतात) तर पहिली राखीव प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर असते. दुरुस्तीनंतर 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर तपासा, नाव हरवलेल्या फायली तिथे येऊन पडतात. एसक्यूलाइटचा (एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) डेटाबेस बिघडला असेल तर त्याच्या आज्ञा-खिडकीतली 'रिकव्हर' आज्ञा वाचता येईल तेवढं नव्या फाइलमध्ये काढून देते.

तेच कार्ड पुन्हा वापरायचं असेल तर पूर्ण भरून तपासा. लिनक्सवर 'एफ३', विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू'. बनावट कार्ड इथेच पकडलं जातं. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत ८ जीबी असलेलं कार्ड आठ जीबी भरेपर्यंत गुणी मुलासारखं वागतं आणि मग डेटा गिळायला लागतो. दोष मात्र लाइटवर जातो. चाचणीत एक जरी चूक निघाली तरी ते कार्ड पायमध्ये परत घालू नका.

न लिहिलेल्या फायली का बिघडतात?

हा प्रश्न हमखास येतो: "माझा प्रोग्रॅम फक्त नोंदवही लिहीत होता, मग सिस्टिमच्या फायली कशा गेल्या?"

कार्डाच्या आतली नँड फ्लॅश काही केबीच्या पानांत लिहिली जाते, पण पुसली जाते ती कित्येक एमबीच्या गठ्ठ्यांत. त्यामुळे कार्डाचा कंट्रोलर तुमची फाइल जिथल्या तिथे बदलत नाही. नव्या मजकुराची पानं दुसरीकडे लिहितो, जुनी रद्द धरतो आणि कोणतं पान कुठे आहे याची एक सूची सांभाळतो. रिकामी जागा कमी झाली की जुन्या गठ्ठ्यातली कामाची पानं उचलून दुसरीकडे हलवतो. या हलवाहलवीत तुमच्या सिस्टिमच्या फायलीही असतात, त्यांना कुणी हात लावला नसला तरी. नेमकी तेव्हा, किंवा सूची लिहिली जात असताना वीज गेली, की भलत्याच फायलींचा पत्ता हरवतो.

दुसरं कारण आणखी खोल आहे. एका पेशीत दोन किंवा तीन बिट ठेवणाऱ्या फ्लॅशमध्ये ते बिट वेगवेगळ्या पानांचे असतात. नंतरचं पान लिहिताना वीज तुटली तर त्याच पेशीत आधीच नीट लिहून झालेलं पानही बिघडू शकतं. तो मजकूर काही मिनिटांपूर्वी व्यवस्थित सेव्ह झालेला असतो.

म्हणूनच ईएक्सटी४ ची (पायच्या मुख्य विभाजनाची फाइल सिस्टिम) जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, इथे अर्धीच कामाची आहे. ती फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवते, पण कार्डाने आत काय हरवलं हे तिला ठाऊकच नसतं. त्यातही डेटा लगेच कार्डावर जात नाही. जर्नल साधारण दर ५ सेकंदांनी पक्की होते आणि लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये साधा डेटा ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच थांबलेला असू शकतो.

लाइट जाण्यापेक्षा तिचं डुगडुगणं वाईट

लाइट गेली आणि दोन तास आली नाही, तर कार्डाला एकच धक्का बसतो. पावसाळ्यात फांदी तारेवर घासते तेव्हा लाइट मिनिटात तीन-चारदा येते-जाते. पहिल्या वेळी बिघडलेली फाइल सिस्टिम पाय सुरू होताना दुरुस्त करत असतो, म्हणजे लिहीतच असतो, आणि नेमकी तेव्हा पुन्हा वीज तुटते. खरं नुकसान इथे होतं.

यावर स्वस्त इलाज बाजारात तयार मिळतो: फ्रिजचा स्टॅबिलायझर. त्यात कंप्रेसरसाठी साधारण ३ मिनिटांचा 'टाइम डिले' असतो, लाइट स्थिर झाल्याशिवाय तो पुढे वीज सोडत नाही. पायला विजेच्या पातळीची फिकीर नाही, आपल्याला हवा तो फक्त उशीर. नुसता ऑन-डिले टायमर रिलेही चालतो. पहिला धक्का यातून टळत नाही, नंतरचे टळतात.

घरात इन्व्हर्टर असूनही पाय रीस्टार्ट होतो, तेव्हा इन्व्हर्टरच्या मागचा किंवा पुढचा 'यूपीएस/नॉर्मल' खटका बघा. नॉर्मल मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला विसाहून बरेच जास्त मिलिसेकंद जाऊ शकतात. पंखा आणि दिव्याला ते कळतही नाही. पायच्या अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमध्ये मात्र पूर्ण भाराला १०-२० मिलिसेकंद पुरेल एवढीच वीज असते. यूपीएस मोड लावला की बदल बहुतेक त्या वेळात बसतो. त्याची किंमत अशी की यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, १८० व्होल्टच्या आसपासच बॅटरीवर जातो. जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे बॅटरी रोज उतरेल.

मग केबल. पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो कमी व्होल्टेजचा इशारा नोंदवतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' ही आज्ञा चालवा ('गेट' आणि 'थ्रॉटल्ड'च्या मधे अंडरस्कोर). उत्तर '०एक्स०' आलं तर सगळं ठीक. '०एक्स५००००' म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, शेवटी ५ असेल तर आत्ताही पडलेलंच आहे. लाइट न जाताही कार्ड बिघडत असेल तर इथेच उत्तर सापडतं.

बऱ्याच स्वस्त केबलींत २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४३. अडॅप्टरने ५.१ व्होल्ट दिले आणि पायने १.२ अँपिअर ओढले, की टोकाला ४.६ च उरतात. २२ गेजच्या तारेत हीच घट ०.१३ व्होल्टच्या आसपास. म्हणून केबल जाड आणि आखूड हवी. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर. फोनचा फास्ट चार्जर ६५ वॉटचा असला तरी ५ व्होल्टला तो सहसा ३ अँपिअरच देतो.

लिहिणं बंद करा

सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि खर्च काहीच नाही.

'रास्पी-कॉन्फिग' उघडा, 'परफॉर्मन्स ऑप्शन्स'मध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टिम' निवडा, होकार द्या. नंतर बूट विभाजन फक्त-वाचनासाठी करायचं का असं विचारतं, तिथेही होकार. रीस्टार्टनंतर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. सगळे बदल रॅममध्ये जातात आणि बंद केल्यावर विरतात. अशा पायची वायर मनात येईल तेव्हा ओढा. डिस्प्ले, नुसते रिले चालवणारा नियंत्रक, नेटवर्कवर नोंदी पाठवणारा सेन्सर, यांना एवढंच पुरतं.

पण ओव्हरलेच्या स्वतःच्या खोड्या आहेत. अपडेट किंवा वायफायचा पासवर्ड बदलायचा तर ओव्हरले बंद करा, रीस्टार्ट करा, बदल करा, परत चालू करा. हे विसरून केलेला बदल रीस्टार्टला नाहीसा होतो. लॉगही रॅममध्येच साठतात. ५१२ एमबीच्या पाय झिरोवर महिनाभरात रॅम भरून तो गोठू शकतो, म्हणून सिस्टिमच्या लॉगची (जर्नलडी) साठवण 'व्होलटाइल' करून 'रनटाइममॅक्सयूज' २० एमबीवर बांधा. आणि घड्याळ: पाय ५ च्या आधीच्या पायमध्ये घड्याळाची चिप नाही आणि आता शेवटची वेळही कार्डावर लिहिली जात नाही. इंटरनेट नसलेल्या शेतात लाइट आल्यावर पाय जुन्याच तारखेला जागा होईल आणि ठिबकचं वेळापत्रक चुकेल. डीएस३२३१ चिपचं छोटं घड्याळ-मॉड्यूल लावा.

एक खोडी तासन्‌तास खाते. डेटासाठी वेगळं विभाजन केलं आणि ते 'एफएसटॅब'मध्ये घातलं, तर ओव्हरलेरूट त्यालाही आपल्या पोटात घेतं. नोंदी लिहिल्या जाताना दिसतात, पण असतात रॅममध्ये. 'सीएमडीलाइन'मध्ये जिथे 'ओव्हरलेरूट=टीएमपीएफएस' आहे तिथे त्याला जोडून ':रिकर्स=०' लिहा, म्हणजे फक्त मुख्य विभाजन झाकलं जातं.

नोंदी ठेवायच्याच असतील तर

त्याच कार्डावर वेगळं विभाजन करण्यापेक्षा यूएसबी पेन ड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी बरी. विभाजनाची रेघ फक्त लिनक्सला दिसते. कार्डाचा कंट्रोलर दोन्ही विभाजनांची पानं एकाच साठ्यातून वाटतो, त्यामुळे डेटाच्या विभाजनावर लिहिताना वीज गेली तर सिस्टिमच्या विभाजनालाही झळ बसू शकते. पेन ड्राइव्ह बिघडला तरी पाय सुरू होतो, व्हॉल्व्ह चालतात.

लिहिण्याचे प्रसंग कमी करा. दर ५ सेकंदांनी एक नोंद म्हणजे दिवसाला १७,२८० वेळा लिहिणं. त्याच नोंदी रॅममध्ये साठवून दर १५ मिनिटांनी एकदम लिहिल्या तर ९६ वेळा. वीज गेली तर जास्तीत जास्त पाव तासाच्या नोंदी जातील. मातीच्या ओलाव्याच्या नोंदींना हे सहज परवडतं. पैशाचे व्यवहार असतील तर परवडणार नाही, तिथे पुढचा यूपीएसचा भाग टाळता येत नाही.

शून्य बाइटच्या फायलींचा इलाज कोडमध्येच आहे. चालू फाइलवर थेट लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, तिच्यावर 'एफसिंक' (डेटा रॅममधून खरंच कार्डावर पोचवणारी आज्ञा) करा, मग ती मूळ नावावर हलवा (पायथनमध्ये 'ओएस.रिप्लेस') आणि शेवटी त्या फोल्डरवरही 'एफसिंक' करा. वीज कधीही गेली तरी जुनी पूर्ण फाइल मिळते नाहीतर नवी पूर्ण, अर्धवट नाही. फाइल नुसती 'क्लोज' केल्याने ती कार्डावर पोचत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

एसक्यूलाइट वापरत असाल तर जर्नलचा 'वॉल' (डब्ल्यू-ए-एल) प्रकार आणि 'सिंक्रोनस' नॉर्मल ठेवा. शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात, डेटाबेस फुटत नाही. होम असिस्टंटचा रेकॉर्डर मूळ सेटिंगला दर ५ सेकंदांनी लिहितो. 'कमिट इंटरव्हल' ६० करा आणि ज्या सेन्सरचा इतिहास कुणी बघत नाही ते वगळून टाका. होम असिस्टंट ओएसचा सिस्टिमचा भाग आधीच फक्त-वाचनाचा असतो, त्यावर ओव्हरले लावायचा खटाटोप नको.

कपॅसिटर, यूपीएस आणि मधली गफलत

"पाच व्होल्टवर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा" हा सल्ला यूट्यूबवर फिरतो. हिशोब करून बघा. ५ व्होल्टपासून ४.६३ पर्यंत उतरताना तो ०.००८ ज्यूल देतो. ३ वॉट खाणाऱ्या पायला ते ३ मिलिसेकंदही पुरत नाहीत. एसडीच्या मानकाप्रमाणे एका लिहिण्याला कार्ड पाव सेकंद, मोठी कार्डं अर्धा सेकंदही घेऊ शकतात. म्हणजे त्या कपॅसिटरने काहीच साधत नाही.

सुपरकपॅसिटर मात्र कामाचा आहे, बूस्ट कन्व्हर्टरसह (व्होल्टेज चढवणारं सर्किट). २.७ व्होल्ट १०० फॅरडचे दोन एकापुढे एक जोडले की ५० फॅरड होतात. ५ वरून ३ व्होल्टपर्यंत उतरू दिले तर ४०० ज्यूल, कन्व्हर्टरमधली गळती धरून ३२०. ५ वॉटला ही साधारण एक मिनिटाची शिदोरी झाली, शटडाउनला पुरेशी. दोघांवर व्होल्टेज सारखं वाटणारं बॅलन्सिंग हवंच. आणि चार्ज होताना करंट मर्यादित करा, नाहीतर रिकामा सुपरकपॅसिटर अडॅप्टरला शॉर्टसर्किटसारखा दिसतो.

बहुतेकांना राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस सोपा पडतो. त्याच्यापुढे ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा आणि पायला जोडायच्या आधी मल्टिमीटरने ५.१ व्होल्टवर लावून घ्या. पॉवर बँक नको. बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग तुटलं की क्षणभर आउटपुटही बंद करतात, आणि तो क्षणच तर आपल्याला टाळायचाय. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत बसवणार असाल तर लिथियम-आयनऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. ४५ अंशांच्या वर साध्या लिथियम-आयनला चार्ज करणं धोक्याचं आहे.

पण नुसता यूपीएस लावला तर तुम्ही अपघात दोन तास पुढे ढकलला, एवढंच. बॅटरी संपेल तेव्हा वीज तशीच तुटेल. पायला लाइट गेल्याचं कळलं पाहिजे.

त्यासाठी एखादा जुना ५ व्होल्टचा फोन चार्जर त्याच सॉकेटला, यूपीएसच्या आधी, लावा. त्याच्या धन टोकापासून १० किलोओहमचा रोध, पुढे १५ किलोओहमचा रोध ग्राउंडला (ऋण टोकाला), आणि मधला बिंदू पायच्या जीपीआयओ १७ या पिनला. तिथे ३ व्होल्ट येतात. पायच्या पिना ३.३ च्या वर सोसत नाहीत, थेट ५ व्होल्ट दिले तर चिप जळते. चार्जरचं आणि पायचं ग्राउंड एकत्र जोडा. आता जे हमखास राहून जातं ते: चार्जरच्या आउटपुटवर ४७० ओहमचा एक रोध आडवा (धन ते ऋण टोक) टाका. तो नसेल तर चार्जरमधला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्या २५ किलोओहममधून उतरायला अर्धा मिनिट घेतो आणि पायला लाइट गेल्याचं तेवढं उशिरा कळतं. ४७० ओहमने तेच काम एका सेकंदाच्या आसपास होतं.

'कॉन्फिग' फाइलमध्ये 'जीपीआयओ-शटडाउन' हा ओव्हरले (हा हार्डवेअरच्या सेटिंगचा, वरच्या ओव्हरले फाइल सिस्टिमशी त्याचा संबंध नाही) १७ क्रमांकाच्या पिनवर, 'जीपीआयओ-पुल' (यात मधे अंडरस्कोर) ऑफ करून लावला की पिन खाली जाताच पाय शिस्तीत बंद होतो. लाइट वारंवार क्षणभर जात असेल तर याऐवजी छोटी स्क्रिप्ट लिहा: पिन सलग ३० सेकंद खाली राहिली तरच शटडाउन. मिनी यूपीएसवर एवढं थांबणं परवडतं, सुपरकपॅसिटरवर परवडत नाही.

शटडाउनला किती वेळ लागतो तेही मोजा. एखादी सेवा बंद व्हायला नकार देते तेव्हा सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) तिच्यासाठी ९० सेकंद थांबतो. 'डीफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक' १० करा.

राहिली एक अडचण, आणि हिच्यामुळे लोक वैतागून लाइट गेल्याचा संकेत देणारी जोडणीच काढून टाकतात. पाय शटडाउन होतो, बॅटरी संपायच्या आत लाइट परत येते, आणि पाय बंदच राहतो. त्याच्या दृष्टीने वीज गेलेलीच नाही, मग तो का उठेल? शटडाउन पूर्ण झाल्यावर यूपीएसचं आउटपुट तोडणारी सोय हवी. 'जीपीआयओ-पॉवरऑफ' ओव्हरलेने मिळणाऱ्या संकेतावर छोटा रिले किंवा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक खटका) लावून ती होते, आणि लाइट आली की तो पुन्हा जोडला जाईल अशी वायरिंग करायची. पायसाठी बनवलेले बरेच यूपीएस हॅट (पायवर बसणारे बोर्ड) हे स्वतःच करतात. विकत घेताना "लाइट आल्यावर आपोआप सुरू होतो का" एवढंच विचारा.

कार्ड कोणतं

'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड जास्त वेळा लिहून घेतं. वीज गेल्यावर तग धरेल असा त्याचा अर्थ नाही. ते वचन 'इंडस्ट्रियल' कार्डांच्या माहितीपत्रकात शोधा, तिथे वीज जाण्यापासून संरक्षण असा वेगळा उल्लेख असतो. 'एसएलसी' किंवा 'पीएसएलसी' लिहिलेलं असेल तर पेशीत एकच बिट, म्हणजे आधीचं पान बिघडण्याचा प्रश्न मिटतो. ए१, ए२ हे शिक्के वेगाचे आहेत. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. टिकण्याशी त्यांचा संबंध नाही.

सीसीटीव्ही आणि डॅशकॅमबद्दल थोडं

तिथे ओव्हरले वगैरे हातात नसतं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, म्हणून वीज गेली तर शेवटची फाइल उघडत नाही, जरी चित्र आत असलं तरी. रेकॉर्डिंगचा तुकडा ५ मिनिटांऐवजी १ मिनिटाचा ठेवा, नुकसान तेवढंच. तशी फाइल 'अनट्रंक' या प्रोग्रॅमने, त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुन्याला देऊन, बहुतेक वेळा दुरुस्त होते. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला डॅशकॅम घ्या, उन्हात उभ्या गाडीत लिथियमची बॅटरी फुगते.

झालं की नाही ते तपासा

सगळं बसवल्यावर कामाच्या जागी नेण्याआधी टेबलावरच तपासा. ओव्हरले असेल तर प्रोग्रॅम चालू असताना वीस वेळा प्लग ओढा, पाच-सहा वेळा बूट होतानाच ओढा. प्रत्येक सुरुवातीनंतर 'डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी) या आज्ञेत 'रिकव्हरी कम्प्लीट' हा संदेश शोधा. मुख्य विभाजनासाठी तो एकदाही दिसला तर काहीतरी अजून कार्डावर लिहितंय: स्वॅप फाइल, डॉकर, किंवा ओव्हरले नीट लागलंच नाही. यूपीएस असेल तर मुख्य प्लग काढून घड्याळ लावा, शटडाउन पूर्ण होईपर्यंतचा वेळ आणि बॅटरी तुटेपर्यंतचा वेळ वेगवेगळा लिहून ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या किमान तिप्पट हवा, कारण वर्षभरात बॅटरी उतरतेच. मग शटडाउन चालू असतानाच प्लग परत लावा आणि पाय आपोआप उठतो का ते बघा. बहुतेक जोडण्या नेमक्या याच चाचणीत नापास होतात.